बाकाखालचे पाय

"पाय काय म्हणतस?"

मी दारातून आत आलो की नाना एवढंच विचारायचे. पाय काय म्हणतात? बरीच वर्षं मी या प्रश्नाचं खरं उत्तर देत आलो आणि एकदा खोटं दिलं. लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, आधी नानांच्या गमतीजमती सांगाव्यात आणि मग सवडीने स्वतःच्या चुकीकडे वळावं. पण तसं केलं तर तुम्ही मला त्यांचा जिव्हाळ्याचा माणूस समजून वाचत जाल. तसा मी होतोही. पण खोटं बोलणारासुद्धा मीच होतो. ते आधी कळलेलं बरं.

नानांचं नाव लिहीत नाही. जळगाव-धुळ्याकडे ज्यांच्या घरी त्या काळात टेप होता, त्यांच्याकडे नानांनी काढलेली एखादी तरी अहिराणी कॅसेट असायची. लोक गाणाऱ्याचं नाव लक्षात ठेवतात. ढोलकी कोणी वाजवली हे कोणी विचारत नाही, आणि कॅसेट काढली कोणी हे तर नाहीच नाही. नाना दोन्ही होते. याचं त्यांना दुःख वगैरे नव्हतं. "बैलगाडीत बसणारा चाकाचं नाव विचारतो का?" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

मूळ गाव शिंदखेड्याकडचं. गावात वही गाणाऱ्यांची मंडळी होती. वही म्हणजे आमच्याकडची देवीची गाणी, डफावर म्हणतात. नानांचा हात तिथे बसला. पुढे धुळ्याला लग्नाच्या बँडमध्ये ताशा, आणि मग ऑर्केस्ट्रात कोंगो-बोंगो. गणपतीच्या दिवसांत खानदेशातलं एक गाव त्यांनी सोडलं नाही. गायक पुढे चमकीच्या कोटात, नाना मागे खाली बसलेले. गायकाच्या दोन पायांमधून त्यांना प्रेक्षकांची फक्त पहिली रांग दिसायची, तीही गुडघ्याच्या खालची. टाळ्या तर लोक पाटलांकडे बघूनही वाजवतात, हे नानांच्या लक्षात आलं होतं. गाणं खरोखर लागलं की पहिल्या रांगेतल्या चपला हलायला लागतात, हेही. नानांच्या पुढच्या सगळ्या धंद्याचं शिक्षण एवढंच. आणि त्यावर त्यांचा असा भरवसा होता की मोठमोठ्या कंपन्यांच्या लोकांनाही ते पाय बघायला सांगायचे.

ऐंशीनंतर घरोघर टेप आले तेव्हा नानांनी ऑर्केस्ट्रा सोडला आणि जळगावात स्वतःची कॅसेट कंपनी काढली. मी तेव्हा आयटीआय करून एका दुकानात रेडिओ दुरुस्त करत होतो. नाना एक जुनं स्पूलचं रेकॉर्डिंग मशीन घेऊन आले. चकती अडकत होती. मी ती मोकळी करून दिली. ते म्हणाले, "इंजिनीर, दुकानात किती दिवस बसशील? चाल माझ्याबरोबर." मी इंजिनीर नव्हतो. पण त्या दिवसापासून मला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

आमचा स्टुडिओ म्हणजे एका जिनिंगवाल्याचं गोदाम. चारही बाजूंनी रुईच्या गाठी रचलेल्या आणि मधे आम्ही. रुई घुमारा खाऊन टाकते, आवाज असा स्वच्छ यायचा की मुंबईचा माणूस येऊन भिंती चाचपून गेला होता. अडचण एकच. कापसाला भाव आला की मालक गाठी उचलायचा आणि आमचा गायक विहिरीत उतरून गायल्यासारखा वाटायचा. म्हणून नाना सकाळी पेपरात आधी कापसाचा भाव बघत. लोकांना वाटे, यांची मोठी शेती असणार. एकदा खुद्द मालकासमोर ते बोलून गेले, "अजून दोन दिवस भाव पडलेला राहू दे रे देवा." मालकाने आठवडाभर आम्हाला गोदामाची किल्ली दिली नाही.

नशिराबादच्या काही बायका हळदीची गाणी फार छान म्हणतात असं कळलं. नानांनी त्यांना टेम्पोत घालून आणलं. चहा झाला, माइक लावले, आणि बायका गप्प. एकमेकींकडे बघायच्या, पदर सावरायच्या. शेवटी त्यांतल्या थोरल्या अक्कांनी विचारलं, "नवरदेव कोठे शे?" हळदीचं गाणं रिकाम्या पाटासमोर कसं म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदी बरोबर होता.

नानांनी विनवण्या केल्या नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"इंजिनीर, लगन व्हयनं का तुनं?"

"नाही."

"मग बस पाटावर."

मशीनपाशीच पाट मांडला. कोपऱ्यावरच्या दुकानातून हळद आणली, कालवली. मी शर्ट काढून बसलो. अक्कांनी पहिलं बोट लावलं आणि दुसरीला म्हणाल्या, "पोऱ्या वाळेल शे. हळद कमीच लागी." सगळ्या हसल्या, आणि त्या हसण्यातूनच गाणं सुरू झालं. एकामागून एक, न थांबता. मी पिवळ्या हातांनी बटणं दाबत होतो आणि नाना ढोलकीवर मान खाली घालून मनातल्या मनात हसत होते. ती कॅसेट अजूनही लग्नांत वाजते. लग्न ठरल्याशिवाय अंगाला हळद लागली म्हणून माझं लग्न लांबलं, असं माझी आई शेवटपर्यंत म्हणत होती. नाना घरी आले की ती त्यांना पाणी द्यायची, पण बसा म्हणायची नाही.

आता पायांची परीक्षा.

कोणतंही गाणं बाजारात जाण्याआधी मी त्याची कच्ची कॅसेट घेऊन एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर जायचो. टपरीवाल्याकडे टेप होता. तो कॅसेट लावायचा, मी कोपऱ्यातल्या बाकावर चहा घेऊन बसायचो आणि समोरच्या बाकांखाली बघायचो. नाना स्वतः जात नसत. त्यांना लोक ओळखायचे, आणि ओळखीचा माणूस समोर असला की गिऱ्हाईक मान डोलावतं. मला त्यांची सक्त ताकीद होती. "तोंडाकडे बघायचं नाही. तोंड भिडेला पडतं." काही माणसांचा पाय सवयीनेच हलत असतो, तो मोजायचा नाही. गाणं थांबल्यावर जो पाय थांबेल, तो खरा. तुम्हीही कधी लग्नाच्या मांडवात बसून बघा. मला ती सवय अजून सुटलेली नाही.

मी परत यायचो, नाना विचारायचे, मी सांगायचो, आणि निकाल लागायचा. त्याच्यावर अपील नाही. धुळ्याच्या एका मोठ्या कॅसेट व्यापाऱ्याचा मेहुणा गात असे. आवाज बरा होता. रेकॉर्डिंग केलं, मी टपरीवर जाऊन आलो. बाकाखाली एक चप्पल हलली नाही. व्यापारी स्वतः निकाल ऐकायला आला होता.

"शेठ, पाय नाही म्हणाले," नाना म्हणाले.

"कोणाचे पाय?"

"गिऱ्हाइकाचे."

"अहो, गिऱ्हाईक मी आहे. माल मी उचलतो."

"तुम्ही मालक. तुमचे पाय गादीवर. जमिनीला लागलेले पाय मला पाहिजेत."

"पुन्हा एकदा बघा लावून."

"एकदा नाही म्हणाले म्हणजे नाही."

व्यापारी चहा अर्धा टाकून उठला. त्या हंगामात धुळ्याच्या दुकानांत आमची एकही कॅसेट लागली नाही. नाना आणि मी सायकलींना पिशव्या अडकवून आठवडे बाजार फिरलो. भडगावच्या बाजारात भाजीच्या ओळीत बसून आम्ही कॅसेटी विकल्या. शेजारची मेथीवाली म्हणाली, "तुमचा माल बरा शे. सुकत नही." नाना दिवसभर खूष होते. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला होता. हेही लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते त्यांना न ओळखता केलेलं नाही.

नव्वदच्या पुढची गोष्ट. नानांनी एक दिवस सांगितलं, "आता एक कॅसेट नुसत्या तालाची."

"म्हणजे गाणं?"

"गाणं नाही. आपल्याकडचा डफ, संबळ, ढोल आणि माझी ढोलकी. बस."

एवढी वर्षं ते दुसऱ्याच्या गाण्याला धरून वाजवत आले होते. गायक दमला की हात आवरायचा, गायक विसरला की सांभाळून घ्यायचं. एकदा तरी हाताला वाटेल तिकडे जाऊ द्यायचं होतं त्यांना. हे त्यांनी असं बोलून दाखवलं नाही. पण त्या महिन्यात ते टेबलावर, स्कूटरच्या टाकीवर, मालकाच्या तिजोरीवर सतत वाजवत होते.

संबळवाला भडगावचा, डफवाला त्यांच्याच गावचा. मोठा ढोल मात्र सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून यायचा होता. तो ढोल होळीलाच बाहेर निघतो, एरवी गावाबाहेर जात नाही. नाना स्वतः तिथे जाऊन राहिले, गावकऱ्यांशी बोलले. होळी झाली की ढोल द्यायचा, पण गावचे दोन जण त्याच्याबरोबर येतील आणि त्याच्याबरोबरच परत जातील, असं ठरलं. ढोल एसटीने आला. कंडक्टर त्याचं तिकीट मागत होता. नाना म्हणाले, "घ्या की. फक्त त्याला बसायला जागा द्या." कंडक्टरने ढोल टपावर चढवू दिला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे मशीनवर बसलो आणि आवाज कमी-जास्त करू लागलो. नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "इंजिनीर, आज तू काही करू नको. मी सांगतो तिथे बटणं ठेव आणि हात मांडीवर." ते रागाने बोलले नव्हते. ढोलाचा आवाज त्यांना जसाच्या तसा हवा होता. पण ढोलवाले दोघे माझ्याकडे बघून हसले, आणि ते मला लागलं.

दुसरंही होतं. धुळ्याचा एक पोरगा मी शोधून आणला होता. कीबोर्डवर लग्नाची गाणी म्हणायचा. लगीनसराईच्या आधी प्रती काढायला मुंबईला एकच कॅसेट पाठवता येणार होती. नानांची गेली तर माझ्या पोराची पुढच्या वर्षावर जाणार. आणि नुसता ढोल कोण विकत घेणार, असं मला मनापासून वाटत होतं.

कच्ची कॅसेट घेऊन मी टपरीवर गेलो. कॅसेट लागली. सुरुवातीला संबळ, मग डफ, मग तो ढोल. बाकावर एक एसटीचा ड्रायव्हर होता, चपला काढून बसलेला. त्याच्या पायाचा अंगठा हलायला लागला, मग अख्खं पाऊल. दोन कॉलेजची पोरं होती, त्यांचे बूट. एक वांगी विकणारी बाई टोपली खाली ठेवून टेकली होती. तिची जोडवी बाकाच्या लोखंडी पायाला लागून टिकटिक आवाज येत होता, आणि तो तालात होता. मग ढोल थांबला आणि नानांची ढोलकी एकटीच पुढे निघाली. स्टँडवरून कंडक्टरने ड्रायव्हरसाठी शिट्टी मारली. ड्रायव्हरने तिकडे न बघता हात वर केला, थांब म्हणून. टपरीवाल्याने चहा ओतता ओतता विचारलं, "कोण वाजवतंय हे?"

"बाहेरचे आहेत कोणी," मी म्हणालो. खोटं तिथूनच सुरू झालं.

मी परत आलो. गोदामाच्या दारात नाना बसले होते. ढोलवाले दोघे ढोलाला टेकून बिडी ओढत होते, त्यांना दुपारची गाडी धरायची होती.

"पाय काय म्हणतस?"

"नाही हलले, नाना."

"एकबी नही?"

"नाही."

नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी आणखी एकदा विचारलं असतं तर मी कदाचित खरं बोललो असतो. पण ते विचारणार नव्हते. व्यापाऱ्याच्या मेहुण्याला त्यांनी दुसरी संधी दिली नव्हती, मग स्वतःला कशी देतील? त्यांनी दोन्ही हात पायजम्याला पुसले, ढोलवाल्यांकडे गेले आणि म्हणाले, "जमलं नाही, भाऊ. तुम्हाला उगाच त्रास दिला." ते दोघे उठले आणि ढोल घेऊन निघाले. नाना त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. जाताना मागे वळून मला म्हणाले, "पुसी टाक. त्या टेपवर तुझ्या पोराचं घे."

मी ते पुसलं. पुसताना मशीनचा आवाज येत नाही, नुसती चकती फिरत राहते.

त्या पोराची कॅसेट अशी चालली की लग्नात दुसरं काही वाजेना. कंपनीला बरे दिवस आले. माझं लग्न झालं. माझ्या संसाराची सुरुवात त्या कॅसेटवर झाली असं म्हटलं तरी चालेल. नाना पूर्वीसारखेच होते, नव्या गायकांना झापायचे, कापसाचा भाव बघायचे. फक्त ढोलकी त्यांनी एका तरुण वादकाकडे दिली. "आता दोन्ही होत नाही," म्हणाले. मला ते पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं. एकदोनदा त्यांना सांगावं असं आलं मनात, पण प्रत्येक वेळी काही ना काही काम निघालं, आणि मी ते काम आनंदाने केलं.

पुढे सगळीकडे स्वस्तातल्या नकली कॅसेटी आल्या आणि आमची कंपनी बंद झाली. नाना गावी गेले. मी धुळ्याला स्पीकर-अॅम्प्लिफायरचं दुकान टाकलं.

एक दिवस त्यांच्या गावचा माणूस लाउडस्पीकरचा अॅम्प्लिफायर दुरुस्तीला घेऊन आला. गावात लग्न होतं. मी सहज विचारलं, "मग ढोलकीला नाना असतील?"

"नाना कोठे वाजवतात? स्वतःच्या पोरीच्या लग्नात हात लावला नाही. वहीच्या मंडळींनी पाय धरले, तरी नाही."

"का?"

"म्हणतात, 'मना हातवर पाय हालतस नही.' त्यांच्या वाजवण्यावर कोणाचा पाय हलत नाही, जळगावला म्हणे एकदा बघून झालंय."

माझ्या हातातलं काम तसंच राहिलं. तोपर्यंत मी समजत होतो की मी एक कॅसेट बुडवली. तो माणूस अॅम्प्लिफायर कधी मिळेल ते विचारत होता, आणि मला त्याचं बोलणं कळत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या गावी गेलो. अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि नाना खाटेवर बसून देठं काढत होते. मला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. "ये रे इंजिनीर. आठे बस. जेवण व्हयनं का?" मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडतिकडचं बोलून परत आलो असतो. उभ्यानेच सांगितलं, पाय हलले होते.

ते देठं काढत राहिले. मग म्हणाले, "कोन कोन व्हतं?"

मी ड्रायव्हर सांगितला. पोरं सांगितली. वांगीवाली आणि तिची जोडवी सांगितली.

"ड्रायव्हरने हात केला तेव्हा काय चालू होतं?"

"ढोल थांबला होता. तुमची ढोलकी एकटी होती."

नानांनी हातातली मिरची खाली ठेवली. उठले, अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. त्यांचा राग मी पूर्वी पुष्कळ बघितला होता, पण तो मोठ्या आवाजाचा असायचा.

"ते डोंगरातले भाऊ माझ्या शब्दावर देवाचा ढोल घेऊन आले होते," ते म्हणाले. "त्यांना मी सांगितलं, जमलं नाही. तुझ्या भरवशावर सांगितलं."

मी बोलायला लागलो. लगीनसराई, मुंबईला जाणारी एकच कॅसेट, धुळ्याचा पोरगा, सगळ्यांसमोर मला हात मांडीवर ठेवायला सांगितलं ते. वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं सगळं नीट ओळीने बाहेर आलं. नानांनी मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "हाई बठ्ठी कारणं शेतस. माफी कोठे शे?"

खरंच, सगळी कारणंच होती; माफी मी मागितलीच नव्हती.

"आणि मला एकट्याला नको सांगू." त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, बाहेर या जरा." मला म्हणाले, "पोरीच्या लग्नात ही माझ्यासमोर ढोलकी ठेवून उभी राहिली होती. मी उचलली नाही. तिला सांग."

काकू, नानांच्या पत्नी, पिठाच्या हातांनी दारात आल्या. मला ओळखून हसल्या, मग दोघांचे चेहरे बघून थांबल्या.

"काकू," मी म्हणालो, "नाना फार चांगलं वाजवत होते. टपरीवरचे सगळे लोक ऐकत होते. मीच येऊन नाही म्हणून सांगितलं. नाना, मी खोटं बोललो, आणि त्या खोट्यापायी तुम्ही हात आवरला. माझं चुकलं. मला माफ करा."